पडद्यावर कधी न हरलेला वात्तियार

चेन्नई : पा. रंजित यांचा ‘सार्पट्टा परंबरै’ हा तमिळ चित्रपट २०२१ च्या जुलै महिन्यात प्रदर्शित झाला, तेव्हा महासाथीमुळे चित्रपटगृहे ओस पडली होती. प्रेक्षकांनी तो घरी बसून पाहिला, तरीही त्याची चर्चा रस्त्यावर आली. उत्तर मद्रासमधील मुष्टियुद्धाच्या घराण्यांची ही कथा. परंबरै म्हणजे आपलीच परंपरा. पण बंदरालगतच्या त्या कष्टकरी वस्त्यांत या शब्दाला संगीतातील घराण्याचा आणि कुस्तीतील तालमीचा असा दुहेरी अर्थ आहे. कोल्हापुरात पैलवान कोणत्या तालमीचा, हे जसे आधी विचारले जाते, तसाच तिथे मुष्टियोद्धा कोणत्या परंबरैचा, हा पहिला प्रश्न असे. इंग्रज सैनिक आणि खलाशी यांनी आणलेला हा खेळ गोदी कामगारांनी आणि मच्छीमारांनी उचलला, आपलासा केला आणि त्यात आपली इज्जत पणाला लावली.

चित्रपटाचा काळ १९७५ नंतरचा, म्हणजे आणीबाणीचा आहे. सार्पट्टा घराण्याचा वस्ताद रंगन हा द्रमुकचा निष्ठावान कार्यकर्ता. ऐन सामन्यात गोंधळ माजतो, नायक कपिलनला भर रिंगणात विवस्त्र केले जाते आणि त्याच सुमारास द्रमुक सरकार बरखास्त झाल्याने पोलीस वस्तादाला पकडून नेतात. पुढे वस्तादाचा मुलगा एम. जी. रामचंद्रन यांच्या नव्या पक्षाच्या वळचणीला जातो, अवैध दारूच्या धंद्यात शिरतो आणि कपिलनही त्या गाळात रुततो.

नेमक्या या भागावर अण्णाद्रमुकने आक्षेप घेतला. माजी मंत्री डी. जयकुमार यांनी चित्रपटाला द्रमुकचा प्रचारपट ठरवले आणि एमजीआर यांनी मुष्टियुद्धासाठी जे केले ते जाणीवपूर्वक झाकून ठेवल्याची तक्रार केली. पुरावा म्हणून १९८० मधील एका घटनेचा दाखला देण्यात आला : त्या वर्षी मुहम्मद अली मद्रासला आले होते आणि त्या वेळी मुख्यमंत्री एमजीआर होते. एका काल्पनिक मुष्टियोद्ध्याच्या कथेवरून, चौतीस वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या नेत्याच्या नावाने वाद पेटावा, ही गोष्ट तमिळनाडूबाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण या माणसाचे सारे सार्वजनिक आयुष्यच मारामारीच्या दृश्यांवर उभे होते. शिवाय त्या खेळाशी त्यांना बांधून ठेवणारा एक शब्दही आहे. तमिळमध्ये शिक्षकाला वात्तियार म्हणतात. हा शब्द उपाध्याय या संस्कृत शब्दावरून आला. उत्तर मद्रासच्या मुष्टियोद्ध्यांसाठी वात्तियार म्हणजे वस्ताद. आणि चित्रपटगृहात पडद्यावर नाणी उधळणाऱ्या चाहत्यांसाठी वात्तियार म्हणजे एमजीआर.

मरुदूर गोपालन रामचंद्रन यांचा जन्म १७ जानेवारी १९१७ रोजी सिलोनमधील कँडीजवळच्या नावलपिटिया येथे एका मल्याळी कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. आई सत्यभामा मुलांना घेऊन भारतात परतली आणि कुंभकोणमला राहू लागली. तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे मराठी वाचकाला हा कावेरीकाठचा मुलूख परका नाही. घरात दारिद्र्य इतके की शाळा लवकरच सुटली आणि वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी धाकटा रामचंद्रन व थोरला चक्रपाणी हे दोघे भाऊ ‘मदुरै ओरिजिनल बॉइज कंपनी’ या नाटक मंडळीत दाखल झाले. तिथे दोन वेळचे जेवण मिळत असे. त्या घरासाठी हेच मोठे आकर्षण होते.

मराठी संगीत नाटक मंडळ्यांतील बालनटांच्या हकिकती ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या जगाची कल्पना येईल. पहाटे उठून तालीम, गाणे, पदन्यास, पाठांतर, स्त्रीभूमिका आणि चुकले की शिक्षा. त्या कठोर शिस्तीतच शस्त्रे चालवण्याचे शिक्षणही झाले. तलवार, कट्यार आणि सिलंबम, म्हणजे आपल्या मर्दानी खेळांतील लाठीकाठीचा तमिळ भाऊबंद. आवाज फुटण्याच्या वयात अनेक बालनटांची कारकीर्द संपत असे. रामचंद्रन यांचा गळा फारसा गाता नव्हता. त्यांनी आपले सारे भांडवल शरीरात गुंतवले.

त्या भांडवलावर व्याज मिळायला मात्र बराच काळ लागला. अमेरिकन दिग्दर्शक एलिस आर. डंगन यांच्या ‘सती लीलावती’ (१९३६) या चित्रपटात त्यांना पोलीस निरीक्षकाची छोटी भूमिका मिळाली. त्यानंतर तब्बल दहा-अकरा वर्षे असेच दुय्यम काम. नायक म्हणून पहिली संधी ‘राजकुमारी’ (१९४७) या चित्रपटाने दिली, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. कोइमतूरच्या त्या दिवसांत त्यांची मैत्री चिन्नप्पा देवर या पिळदार शरीराच्या व्यायामपटूशी झाली. लोक त्याला सँडो म्हणत. ‘राजकुमारी’मध्ये नायकाशी झुंजणाऱ्या मल्लाच्या भूमिकेसाठी एमजीआर यांनी याच मित्राचा आग्रह धरला. पुढे देवर निर्माते झाले, ‘तायक्कुप्पिन तारम’पासून त्यांनी एमजीआर यांना घेऊन सोळा चित्रपट काढले आणि ‘हाथी मेरे साथी’च्या रूपाने हिंदी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले. आखाड्यातली मैत्री चित्रपट व्यवसायात इतकी फळल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

याच सुमाराची एक हकिकत महाराष्ट्राला विशेष जवळची आहे. सी. एन. अण्णादुराई यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर नाटक लिहिले, तेव्हा शिवरायांची भूमिका आधी एमजीआर करणार होते. त्यांनी ती सोडली. ती व्ही. सी. गणेशन या तरुण नटाकडे गेली आणि पेरियार यांनी त्याचे काम पाहून त्याला शिवाजी असे नाव दिले. पुढची तीन दशके तमिळ पडदा एमजीआर आणि शिवाजी गणेशन या दोघांत वाटला गेला. अभिनय पाहायचा तर शिवाजी, अशी वाटणी जाणकारांनी केली. एमजीआर यांच्या वाट्याला मारामारी आणि गर्दी आली. हा निवाडा जाणकारांना शोभणारा असला, तरी त्यात एक गोष्ट सुटून जाते. मारामारी हा एमजीआर यांच्यासाठी कथेतला विरंगुळा नव्हता. तीच त्यांची भाषा होती आणि तिला स्वतःचे व्याकरण होते.

या व्याकरणाचा पहिला नियम असा, की नायक आधी हात उचलत नाही. खलनायक एकदा मारतो, दोनदा मारतो, तिसऱ्यांदा मारतो. ओठाच्या कडेचे रक्त पुसले जाते, नायक स्मित करतो, आणि मग चित्रपटगृहाचे छप्पर उडेल असा गलका होतो. दुसरा नियम, लढाई स्वतःसाठी नसते. ती बहुधा एखाद्या शेतमजुरासाठी, विधवेसाठी, नाडल्या गेलेल्या म्हाताऱ्यासाठी असते. तिसरा नियम बरोबरीचा. ‘अडिमै पेण’ (१९६९) या चित्रपटात एक पाय गमावलेल्या प्रतिस्पर्ध्याशी द्वंद्व करायची वेळ येते, तेव्हा नायक स्वतःचाही एक पाय बांधून घेतो. याच चित्रपटात त्यांनी सिंहाशीही झुंज दिली. तो पेंढा भरलेला सिंह आजही टी. नगरमधील त्यांच्या स्मारक-निवासात पाहायला मिळतो. चौथा नियम निर्व्यसनीपणाचा. पडद्यावर ते दारू-सिगारेटला शिवत नसत. ‘फूल और पत्थर’वरून बेतलेल्या ‘ओळि विळक्कु’ या त्यांच्या शंभराव्या चित्रपटात नायकाने मद्य घेणे अटळ होते, तर तिथे त्याचा विवेकच त्याच्यासमोर उभा राहून त्याची खरडपट्टी काढतो, अशी तजवीज करण्यात आली.

आणि सर्वांत मोठा नियम : एमजीआर हरत नाहीत. ‘मदुरै वीरन’सारख्या लोककथेत नायकाचा मृत्यू चालून गेला, कारण तो देव होऊन परततो. पण ‘पासम’ (१९६२) या सामाजिक चित्रपटात त्यांना मरताना पाहणे प्रेक्षकांना रुचले नाही. पडद्यावर या माणसाने मार खावा, पण पडू नये, असा जणू अलिखित करारच झाला होता. त्यांच्या बहुतेक चित्रपटांत मार खाण्याचे काम एम. एन. नंबियार यांनी केले. खऱ्या आयुष्यात शाकाहारी, निर्व्यसनी आणि शबरीमलैचे निस्सीम भक्त असलेल्या या सज्जन नटाचा जनतेने इतका मनापासून द्वेष केला, की ती एका अर्थी त्यांच्या कलेला मिळालेली दादच होती.

इथेच एमजीआर यांचा लढाऊ चित्रपट आणि मुष्टियुद्धाचा चित्रपट यांच्या वाटा वेगळ्या होतात. मुष्टियुद्धाच्या चांगल्या चित्रपटाचा जीव पराभवात असतो. ‘रॉकी’ (१९७६) ज्या सामन्यावरून सुचला, तो मार्च १९७५ मधला मुहम्मद अली आणि चक वेपनर यांचा सामना वेपनर हरले होते; चित्रपटातला रॉकीही अखेरीस गुणांवर हरतोच. पंधरा फेऱ्या पायांवर उभे राहणे हीच त्याची कमाई. ‘रेजिंग बुल’मध्ये तर जेक लामोटा हा विजेता स्वतःच्या संशयी, हिंस्र स्वभावाकडून इतका हरतो, की रिंगणातल्या विजयांची आठवणही राहत नाही. सुधा कोंगरा यांच्या ‘इरुदि सुट्रु’मध्ये, म्हणजे हिंदीतील ‘साला खडूस’मध्ये, उत्तर चेन्नईची मासळी विकणारी मुलगी आणि संघटनेतल्या राजकारणाने कडवट झालेला प्रशिक्षक यांना जोडणारा दुवा अपमानाचाच आहे. ‘सार्पट्टा’तील कपिलनही आधी दारूत बुडतो, शरीर सुटते, आईच्या आणि पत्नीच्या नजरेतून उतरतो, तेव्हा कुठे त्याच्या पुनरागमनाला अर्थ येतो. प्रेक्षक ठोशांसाठी येतो हे खरे, पण तो खिळून राहतो तो खाली पडलेला माणूस दहा अंक मोजून होण्याआधी उठतो की नाही, या एका प्रश्नासाठी. तलवारबाजीत वार चुकवता येतो. मुष्टियुद्धात अंगावर घ्यावा लागतो आणि कॅमेरा त्या सुजलेल्या डोळ्यापासून हलत नाही.

एमजीआर यांच्या पडद्याने हे सारे झाकले. त्यांच्या आयुष्याने मात्र ते तीन वेळा उघड केले आणि तिन्ही वेळा लोक त्यांच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त ओढले गेले.

पहिला प्रसंग जून १९५९ मधला. आदल्याच वर्षी त्यांनी ‘नाडोडी मन्नन’ काढला होता. निर्मिती त्यांची, दिग्दर्शन त्यांचे, दुहेरी भूमिका त्यांची आणि पैसाही त्यांचाच. होते नव्हते ते सारे पणाला लावले होते. त्यांच्या चित्रसंस्थेच्या बोधचिन्हात स्त्री-पुरुषांच्या हाती द्रमुकचा काळा-लाल झेंडा होता, म्हणजे पक्षाचा प्रचार पहिल्या चौकटीपासूनच सुरू. चित्रपट तुफान चालला. अशा यशाच्या शिखरावर असताना शीर्काळी या गावी ‘इन्ब कनवु’ नाटकाचा प्रयोग होता. त्यात गुंडुमणी या अवाढव्य नटाला उचलून फेकण्याचे दृश्य होते. त्या रात्री अंदाज चुकला आणि ते सारे वजन एमजीआर यांच्या पायावर आले. हाड मोडले. शरीरावरच पोट असलेल्या नटाची कारकीर्द संपली, अशी कुजबुज सुरू झाली. कित्येक महिने अंथरुणात गेले. लोक घरासमोर रांगा लावून उभे राहिले. ते परतले, तेव्हा पुन्हा उड्या मारत, जिने चढत, तलवार फिरवत परतले. साठच्या दशकात त्यांनी केलेल्या चित्रपटांची नुसती संख्या पाहिली, तरी त्या मोडलेल्या पायावर किती भार पडला असेल याचा अंदाज येतो. ‘एंग वीट्टु पिळ्ळै’, ‘आयिरत्तिल ओरुवन’ ही त्याच काळातली मोठी नावे. दुसऱ्या चित्रपटात जयललिता प्रथमच त्यांच्या नायिका झाल्या.

दुसरा प्रसंग १२ जानेवारी १९६७ चा. एम. आर. राधा हे रंगभूमीवरचे दांडगे नट आणि पेरियार यांचे कडवे अनुयायी. त्या संध्याकाळी ते रामापुरम येथील एमजीआर यांच्या बंगल्यावर आले आणि बोलणे चालू असताना त्यांनी पिस्तूल काढून एमजीआर यांच्यावर गोळी झाडली. मग स्वतःवरही झाडून घेतली. दोघेही वाचले. राधा यांना पुढे तुरुंगवास झाला. एमजीआर यांच्या मानेत गोळी घुसली होती. विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली होती आणि ते परंगिमलै मतदारसंघातून द्रमुकचे उमेदवार होते.

त्यांना प्रचारासाठी बाहेर पडता आले नाही. बाहेर पडले ते त्यांचे छायाचित्र. मानेभोवती पांढरे बँडेज, रुग्णालयातील खाट आणि हात जोडलेले. ज्या नायकाला कधी पडलेले पाहिले नव्हते, तो असा खाटेवर दिसताच राज्यभर जे काही घडले, त्याची तुलना कोणत्याही सभेशी करता येणार नाही. एमजीआर मोठ्या फरकाने निवडून आले, द्रमुक प्रथमच सत्तेवर आला, अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि काँग्रेस त्या राज्यात स्वबळावर पुन्हा कधीच सत्तेत परतली नाही. या विजयाला हिंदीविरोधी आंदोलन, धान्यटंचाई, तांदळाचे भाव अशी इतरही भक्कम कारणे होती. केवळ एका छायाचित्राने सरकार पडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु भिंतीवर चिकटवलेल्या त्या छायाचित्राने लाखो निरक्षर मतदारांना जे सांगितले, ते कोणताही जाहीरनामा सांगू शकला नसता.

गोळीने आणखी एक घाव घातला. त्यांचा आवाज कायमचा बिघडला. उच्चार जड झाले, शब्द एकमेकांत अडकू लागले. दुसऱ्याचा आवाज वापरण्याची सोय होती. व्यवसायाच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे ठरले असते. एमजीआर यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘कावल्कारन’मध्ये प्रेक्षकांनी तो घोगरा, अडखळता आवाज ऐकला आणि स्वीकारला. पायाचे दुखणे लपवता आले होते. आवाज लपवता येणारा नव्हता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. मुष्टियोद्ध्याच्या चेहऱ्यावर जशी जुन्या लढतींची नोंद राहते, तसा तो आवाज पुढची वीस वर्षे प्रत्येक सभेत त्या संध्याकाळची आठवण करून देत राहिला. ‘रिक्षाकारन’मधील रिक्षाचालकाच्या भूमिकेसाठी १९७१ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो याच आवाजासह.

राजकारणातला त्यांचा प्रवास सर्वज्ञात आहे. अण्णादुराई यांच्या निधनानंतर करुणानिधी यांच्याशी बिनसले; पक्षाचा हिशोब जाहीरपणे मागितल्यावर ऑक्टोबर १९७२ मध्ये हकालपट्टी झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला अण्णाद्रमुकची स्थापना झाली. चाहत्यांच्या मंडळांनी फलक बदलले आणि पक्षाच्या शाखा तयार झाल्या. ३० जून १९७७ रोजी ते मुख्यमंत्री झाले. देशात एखाद्या चित्रपट अभिनेत्याने हे पद मिळवल्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

१९८० च्या आरंभी मुहम्मद अली मद्रासला आले, ते या मुख्यमंत्र्यांच्या राज्यात. मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळील नेहरू स्टेडियमवर त्यांची जिमी एलिस यांच्याशी प्रदर्शनीय लढत झाली. एलिस हे त्यांचे लुईव्हिलमधील जुने सवंगडी आणि सरावातील जोडीदार. अली यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले, त्या काळात तेही एका गटाचे जगज्जेते होते. ही लढत निकालासाठी नव्हती. अडतिशीतले अली त्या वेळी निवृत्त होते आणि खेळापेक्षा त्यांचे नुसते असणे लोकांना पुरेसे होते. उत्तर मद्रासच्या तालमींत ज्यांची चित्रे भिंतीवर होती, ते प्रत्यक्ष रिंगणात पाय नाचवताना दिसले. एमजीआर यांनी त्यांचा सत्कार केला. एक जण रिंगणात खरोखर मार खाऊन आणि व्हिएतनाम युद्धाला नकार देऊन मोठा झालेला, तर दुसरा पडद्यावर एकही लढत न हरता मुख्यमंत्री झालेला. दोघांनाही गर्दीची नाडी सारखीच कळत होती.

त्या भेटीला पुढे दोघांच्याही आयुष्यात लगेच कलाटणी मिळाली. मॉस्को ऑलिंपिकवरील बहिष्कारासाठी आफ्रिकेत पाठिंबा मिळवण्याची कामगिरी अमेरिकेच्या अध्यक्षांनी अली यांच्यावर सोपवली आणि ते भारतातूनच तिकडे रवाना झाले. १७ फेब्रुवारीला केंद्राने एमजीआर यांचे सरकार बरखास्त केले. जूनमध्ये ते पुन्हा निवडून आले. ऑक्टोबरमध्ये अली लॅरी होम्सविरुद्ध पुन्हा रिंगणात उतरले आणि वाईट रीतीने हरले.

जयकुमार यांच्या आक्षेपात तथ्य होते, ते इतकेच. अली आले होते, एमजीआर यांच्या कारकिर्दीतच आले होते. पण चित्रपटाने विचारलेला प्रश्न अली यांच्या भेटीने सुटत नाही. रिंगणात घाम गाळणाऱ्या, बंदरात ओझी वाहणाऱ्या त्या दलित आणि मच्छीमार तरुणांना एमजीआर यांच्या राज्यात काय मिळाले, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर सरळ नाही. १९८२ च्या जुलैपासून त्यांनी शाळांतील मध्यान्ह भोजनाची योजना राज्यभर विस्तारली. कामराज यांनी घातलेल्या पायावर ही इमारत उभी होती. पण नाटक कंपनीत जेवणासाठी दाखल झालेल्या मुलाने ती उभारली, याला वेगळे मोल आहे. खर्च परवडणार नाही असे सांगणाऱ्यांना न जुमानता त्यांनी ती रेटली आणि पुढे देशाने ती उचलली. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारने दारूचे गुत्तेवाले आणि गुंड यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा केला. तो आजही गुंडा कायदा या नावाने ओळखला जातो आणि त्याचा वापर वेळोवेळी वादग्रस्त ठरला आहे. राज्याच्या तिजोरीत मद्यविक्रीतून येणारा पैसा वाढत होता आणि तो गरिबांच्याच खिशातून येत होता, हे एम. एस. एस. पांडियन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. पडद्यावर मद्याला न शिवणाऱ्या नायकाच्या बाबतीत ही विसंगती बोचणारी आहे. ‘सार्पट्टा’त कपिलन ज्या दारूत बुडतो, तिचा वास या आकडेवारीतूनही येतो.

तिसरा आघात १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. मूत्रपिंडे निकामी झाली, पाठोपाठ पक्षाघाताचा झटका आला. चेन्नईच्या रुग्णालयातून त्यांना न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे हलवण्यात आले. पुतणीने दिलेल्या मूत्रपिंडाचे रोपण झाले. इकडे इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेसोबत विधानसभेचीही निवडणूक जाहीर झाली. एमजीआर जिवंत नाहीत, अशा वावड्या उठल्या. तेव्हा पक्षाने रुग्णालयात त्यांचे चित्रण करवून घेतले आणि त्या फिती गावोगावी दाखवल्या. त्यात पराक्रम काहीच नव्हता. एक अशक्त वृद्ध खाटेवर बसून घास घेतो, मान हलवतो, इतकेच. वर्षानुवर्षे नायक म्हणून लढलेल्या माणसाचा हा बहुधा सर्वांत जास्त परिणाम करणारा चित्रपट ठरला. अण्णाद्रमुक निवडून आला. एमजीआर स्वतः आंडिपट्टीतून, एकदाही मतदारसंघात पाय न ठेवता विजयी झाले आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये परतून त्यांनी तिसऱ्यांदा शपथ घेतली.

शेवटची तीन वर्षे खडतर गेली. वाचा जवळजवळ गेली होती. फरची पांढरी टोपी, काळा चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट या पेहरावाआड शरीर खंगत चालले होते. कारभार अधिकाऱ्यांच्या आणि आतल्या गोटाच्या हाती गेला. पक्षात पत्नी जानकी आणि जयललिता यांच्या गटांतली तेढ उघड दिसत होती. २४ डिसेंबर १९८७ रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. मद्रासमध्ये लोटलेला जनसागर, जाळपोळ, दुकानांची लूट आणि शोकाच्या भरात झालेल्या आत्महत्या, असे ते भीषण दिवस होते. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

मरीना किनाऱ्यावर, अण्णादुराई यांच्या शेजारी त्यांना टोपी, चष्मा आणि मनगटावरील घड्याळासह चंदनी पेटीत पुरण्यात आले. समाधी पाहायला आलेली खेड्यापाड्यांतली माणसे अजूनही दगडावर वाकून कान लावतात. आतले घड्याळ टिकटिक करत असल्याचे ऐकू येते, अशी त्यांची समजूत आहे.